ऑगस्टा नॅशनल विमेन्स ॲमेच्युअर : मुलींना घेऊन जावं अशी स्पर्धा (पाचपैकी चार तारे)

अटलांटाच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनी एप्रिलमधला एक शनिवार या स्पर्धेसाठी राखून ठेवावा. मास्टर्स ही पुरुषांची मोठी गोल्फ स्पर्धा जिथं होते, त्याच जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल क्लबच्या मैदानावर मास्टर्सच्या आधीच्या शनिवारी हौशी महिला गोल्फपटूंची शेवटची फेरी होते. आम्ही २०२४ ची पाहिली. मी, शाळेच्या संघात गोल्फ खेळणारी लेक आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. सासूबाईंना खेळातलं काही ठाऊक नव्हतं, पण चेंडू भोकाजवळ येऊन थांबला की त्याच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत होत्या.

तिकिटं दारावर मिळत नाहीत. काही महिने आधी ऑनलाइन अर्ज करायचा आणि सोडतीत नाव निघालं तर जायचं. पार्किंग फुकट आहे. मोबाइल आत चालत नाही, त्यामुळे चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आधीच ठरवून ठेवा. मला स्वतःला ही बंदी फार आवडली. आमच्या लेकीनं इतका वेळ मान वर ठेवून काही पाहिल्याचं मला आठवत नाही. घरचा डबा नेता येत नाही, पण आत चीज आणि लाल मिरचीचं पिमेंटो चीज सँडविच दीड डॉलरला मिळतं. त्यातल्या मेयोनीजमध्ये अंडं असतं, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी पोटभर खाऊनच निघावं.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक सांगते. टीव्हीवर हे मैदान सपाट दिसतं, प्रत्यक्षात चांगलेच चढउतार आहेत. बाराव्या होलच्या टीच्या (पहिला फटका मारतात त्या जागेच्या) मागं बसलात, तर एका जागेवरून अकरावं ग्रीन (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ), अख्खं बारावं आणि तेराव्याची सुरुवात दिसते. जाताना उतार लागतो, परतताना मात्र तोच चढ. सासूबाईंना आम्ही थांबत थांबत वर आणलं.

आता खेळाबद्दल. मास्टर्सला हे मैदान साडेसात हजार यार्डांच्या वर असतं, या मुलींसाठी सहा हजार तीनशेच्या आसपास. पुरुषांचे ते प्रचंड लांब ड्राइव्ह (टीवरून मारलेले पहिले फटके) पाहून माझी मुलगी थक्क होते, पण त्यातून तिला शिकण्यासारखं थोडंच. इथं तिच्याच अंगकाठीच्या मुली घाई न करता पूर्ण स्विंग घेतात, लांबून हायब्रिड (लांब फटक्यांसाठीची काठी) मारून ग्रीन गाठतात आणि चेंडू उताराच्या कोणत्या बाजूला ठेवायचा ते आधी ठरवतात. हे सगळं ती दोरीपाशी उभी राहून बघत होती.

त्या दिवशी बेली शूमेकर एकही बोगी (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त) न करता ६६ फटक्यांत फेरी संपवून आघाडी घेऊन बसली होती. मागून येणाऱ्या इंग्लंडच्या लॉटी वोडनं पंधराव्या, सतराव्या आणि अठराव्या होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) केली आणि एका फटक्यानं जिंकली. शेवटचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) आत गेला तेव्हा लेकीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता! पुढं २०२५ मध्ये हीच वोड हौशी असतानाच आयरिश ओपन जिंकली आणि व्यावसायिक झाल्यावर पहिल्याच स्पर्धेत स्कॉटिश ओपन. २०२३ ची विजेती रोझ झँग हिनंही व्यावसायिक म्हणून एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक गोल्फ मालिकेतली पहिलीच स्पर्धा जिंकली होती. इतक्या ताकदीच्या मुली इथं हाताच्या अंतरावरून जातात, तेही मास्टर्सच्या मानानं बऱ्याच कमी गर्दीत.

एक तारा कापला त्याचं कारण क्लबनं मनावर घ्यावं असं आहे. स्पर्धा तीन फेऱ्यांची, पण पहिल्या दोन ऑगस्टाजवळच्या इव्हान्समधल्या चॅम्पियन्स रिट्रीट या दुसऱ्या मैदानावर होतात. बहात्तरजणींपैकी साधारण पहिल्या तीसच शनिवारी ऑगस्टावर खेळतात. बाकीच्यांच्या वाट्याला तिथं फक्त शुक्रवारची सरावाची फेरी येते. या क्लबनं २०१२ मध्ये पहिल्यांदा महिलांना सदस्य करून घेतलं आणि २०१९ मध्ये ही स्पर्धा सुरू केली. एवढं केलंय, तर तिन्ही फेऱ्या तिथंच खेळवायला हव्यात. जगभरातून निवडून आलेल्या मुलीला त्या मैदानावर गुण मांडून खेळायला एकदा तरी मिळालं पाहिजे.

तोवर तुम्हाला रजा मिळत असेल, तर बुधवारी किंवा गुरुवारी इव्हान्सचीही एक फेरी बघा. सगळ्या बहात्तरजणी खेळताना तिथंच दिसतात.