क्लोरहेक्झिडिन माउथवॉश: हिरड्या सुधारल्या, दात रंगले

परवा दातांचं पॉलिशिंग करून, त्याचं बिल भरून आले, म्हणून लिहायला बसले. खालच्या पुढच्या दातांवर आतून तपकिरी थर बसला होता. तंबाखूला मी कधी हात लावलेला नाही. हे डाग माउथवॉशचे.

हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून डॉक्टरांनी ०.२ टक्क्यांचं क्लोरहेक्झिडिन दिलं: दिवसातून दोनदा, १० मिली, ३० सेकंद, तेही दोनच आठवडे. रक्त थांबलं. तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना हेच घ्या म्हणून सांगत होते. काही महिन्यांनी दुसरा कोर्स झाला आणि माझं मत बदललं.

हे औषध दातांना चिकटून राहतं आणि तासन्‌तास हळूहळू सुटत राहतं. त्याचा गुण तोच आणि पंचाईतही तीच, कारण चहा-कॉफीचा रंग त्यालाच धरतो. ब्रशने हा रंग निघत नाही, डॉक्टरांकडेच जावं लागतं. म्हणजे बाटलीच्या किमतीत पॉलिशिंगचा खर्चही धरायला हवा! चहा पिणाऱ्यांच्या देशात ही सूचना बाटलीवर ठळक का छापत नाहीत? माझ्या बाटलीवर ती मुंगीएवढ्या अक्षरांत होती. मेडिकलवाला तर मोठी बाटली पुढे करून ‘रोज वापरा’ म्हणाला. याचा मला खरंच राग आहे.

जिभेची चवही जाते, विशेषतः मिठाची. वरण अळणी लागायचं. कोर्स संपल्यावर चव परत आली.

ब्रश केल्यावर लगेच हे घेऊ नका. टूथपेस्टला फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटमुळे औषधाचा जोर कमी होतो. मी अर्धा तास थांबते.

मधल्या काळात रोजच्यासाठी सीपीसीवालं (सीटिलपिरिडिनियम क्लोराइड, हेही एक जंतुनाशक), बिनअल्कोहोलचं माउथवॉश आणलं. तोंडाला वास येत नाही, माझे दात तरी त्याने रंगले नाहीत. पण त्यात फ्लोराइड नाही, त्यामुळे ब्रशनंतर लगेच चूळ भरली की पेस्टमधलं फ्लोराइडही धुऊन जातं. ते आता दुपारी जेवणानंतरच घेते. आणि दातांच्या फटीत साचलेला थर कुठल्याच चुळीने निघत नाही, तो घासूनच काढावा लागतो. दुसऱ्या कोर्सनंतर रक्त पुन्हा आलेलं नाही, त्याचं श्रेय मी इंटरडेंटल ब्रशला, म्हणजे दातांच्या फटीत घालायच्या बारीक ब्रशला देते. एकच ब्रश धुऊन बरेच दिवस चालतो, त्यामुळे मला तो बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. फक्त माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या, जाड ब्रश फटीत कोंबला तर हिरडीला लागतं.