फळा की व्हिडिओ? सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या वर्गासाठी
बेंडिंग मोमेंट, म्हणजे भारामुळे बीमला (तुळईला) वाकवणारा परिणाम, फळ्यावरच शिकवावा, असं माझं ठाम मत आहे. ६ मीटरचा, दोन्ही टोकांना साधा आधारलेला बीम, मीटरला १० किलोन्यूटन भार. सर रिअ‍ॅक्शन (आधाराचा उलटा जोर) दोन्ही टोकांना ३० किलोन्यूटन काढतात, मधोमध मोमेंट ४५ किलोन्यूटन-मीटर येतो, आणि चिन्ह चुकलं की मागच्या बाकावरून लगेच हात वर होतो. व्हिडिओला असं अडवता येत नाही.

पण मोहोळ, अक्कलकोटहून एसटीनं येणाऱ्या पोरांचा पहिला तास बुडतो. त्यांना २००३ साली आयआयटी-आयआयएससीनं सुरू केलेलं एनपीटीईएल, म्हणजे ऑनलाइन व्हिडिओ व्याख्यानं, रात्री घरी, हवं तिथं थांबवून पाहता येतं. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये भार सरकवला की मोमेंटचा आलेख डोळ्यांदेखत बदलतो. खडूला ते जमत नाही. सळई मात्र लॅबमध्येच तुटताना पाहावी.

मी व्हिडिओ आदल्या रात्री देईन आणि तासाला गणितं पोरांकडूनच फळ्यावर सोडवून घेईन.