द विचेस (२०२०): पोरगा बदलला, चेटकिणीचे हात कुणी तपासले नाहीत

रोआल्ड डालच्या १९८३च्या कादंबरीवर निकोलस रोएगनं १९९० मध्ये केलेल्या चित्रपटानं एका पिढीची झोप उडवली होती. अँजेलिका ह्यूस्टन भर सभेत स्वतःचा चेहरा सोलून काढते, तो प्रसंग पाहिलेली मुलं आज चाळिशीत आहेत. रॉबर्ट झेमेकिसचा २०२०चा नवा अवतार त्यांच्यासाठी आहे आणि आता त्यांच्या मुलांसाठीही. जुन्या चित्रपटात पडद्यावर जवळपास सगळे गोरे होते. नव्यात हे ठरवून बदललंय. त्यातलं अर्धं काम खरोखर चांगलं झालंय, आणि उरलेलं इतकं फसलं की स्टुडिओला जाहीर माफी मागावी लागली.

आधी चांगलं. मूळ गोष्टीतली आजी नॉर्वेची, सिगार ओढणारी. झेमेकिस, केन्या बॅरिस आणि गिलेर्मो देल तोरो यांच्या पटकथेत ती अलाबामातल्या डेमोपोलिसची कृष्णवर्णीय आजी झाली, आणि काळ १९६८चा. नुसते कलाकार बदलून जुनेच संवाद त्यांच्या तोंडी घालणं सोपं असतं. बहुतेक रिमेक तेवढ्यावरच थांबतात. इथे मात्र गोष्टीचा तर्कच नव्यानं मांडलाय. चेटकिणी गरिबांची, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्यांची पोरं उचलतात, कारण ती नाहीशी झाली तरी बोभाटा होत नाही. १९६८च्या अलाबामात हे म्हणायला राक्षसाचीही गरज नाही, म्हणून भीती जास्त खरी वाटते. वंशाचा मुद्दा भाषणातून न येता कथेच्या यंत्रणेतून येतो. ऑक्टेव्हिया स्पेन्सर तर हा भार इतक्या सहज उचलते की आजी हीच चित्रपटाची खरी नायिका वाटते.

पुढे मात्र हात आखडलाय. आजी नातवाला घेऊन गोऱ्या श्रीमंतांच्या आलिशान हॉटेलात लपायला जाते. हॉटेलांमधला वर्णभेद १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं बेकायदा ठरला होता, म्हणजे १९६८ मध्ये त्यांना खोली नाकारता येत नव्हती. पण कायदा आणि स्वागतकक्षातली नजर यांत चार वर्षांनीही केवढं अंतर असणार! दोन-चार नजरा, थोडा अवघडलेपणा, एवढ्यावर चित्रपट पुढे सरकतो. जागा आणि साल इतकं नेमकं निवडायचं आणि मग ते वॉलपेपरसारखं वापरायचं, हे पटत नाही.

दुसरी अडचण उंदराची. चेटकिणी पोराचा उंदीर करतात, हे मूळ कथेतच आहे, ते काढता येत नाही. पण कृष्णवर्णीय नायक मिळाला की तो बराच वेळ प्राण्याच्या रूपात काढतो, ही अमेरिकी बालचित्रपटांबद्दलची जुनी तक्रार आहे. २००९च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’मधली टियानाही चित्रपटाचा मोठा भाग बेडूक असते. इथेही उत्तरार्धात पोराचं काम करणाऱ्या जहझिर ब्रुनोचा चेहरा जातो, आवाज तेवढा उरतो. यावर पटकथेत उपाय करता येतो: रूपांतर उशिरा घ्यायचं, आधीच्या भागात पोराला स्वतःचे निर्णय आणि स्वतःची खोडी द्यायची, म्हणजे उंदीर झाल्यावरही तोच पोरगा ओळखू येतो. इथे पूर्वार्धात तो बहुतेक वेळ दुःखी आणि गप्प आहे. त्यामुळे उंदीर झाल्यावर हातात धरायला फारसं काही राहत नाही. आजी सतत चौकटीत आहे म्हणून निभावतं.

आता हात. कादंबरीत चेटकिणींना नखं नसतात. त्यांच्या जागी मांजरीसारखे बारीक, वाकडे पंजे असतात, म्हणून त्या हातमोजे घालतात. बोटं कमी असल्याचा उल्लेख नाही. नव्या चित्रपटात मात्र चेटकिणींची प्रमुख झालेल्या अ‍ॅन हॅथवेच्या हातांवर मधली बोटंच नाहीत. हे एक्ट्रोडॅक्टिलीसारखं, म्हणजे जन्मतः काही बोटं नसण्यासारखं दिसतं. चित्रपट ऑक्टोबर २०२० मध्ये एचबीओ मॅक्सवर आला आणि अपंग खेळाडूंपासून पालकांपर्यंत अनेकांनी आक्षेप घेतला. नोव्हेंबरमध्ये वॉर्नर ब्रदर्सनं आणि स्वतः हॅथवेनंही माफी मागितली. पुस्तकातल्या पंजांचा नवा अर्थ लावायचा होता, असं स्टुडिओचं म्हणणं होतं. पण पाच बोटं ठेवून पंजे काढले असते तर पुस्तकाशी जास्त इमान राखलं गेलं असतं आणि भीतीही कमी झाली नसती.

ही चूक साधी वाटते, पण या गोष्टीत ती दुप्पट महाग पडते. इथे राक्षस नुसता दिसत नाही. आजी मुलाला खुणांची यादी शिकवते: हात बघ, डोकं बघ, पाय बघ. म्हणजे चित्रपट प्रेक्षकातल्या लहान मुलाला माणसांची शरीरं तपासायला शिकवतो. जी खूण यादीत जाईल, ती सोमवारी शाळेच्या मैदानात जाणार. त्यात दिग्दर्शनानं हातमोजे उतरण्याच्या क्षणालाच दचकवण्याची जागा केलीय, म्हणजे किंकाळी नेमकी हातावरच पडते.

असा रिमेक करताना तपासणी रेखाचित्रांच्या टप्प्यावरच हवी. संगणकी दृश्यं तयार झाली की बदल खर्चिक होतो आणि मग कुणी ऐकत नाही. प्रत्येक खूण वेगळी कापून, पोशाख आणि नाट्यमय प्रकाशाविना पाहायची आणि विचारायचं: हे कुणाचं खरंखुरं शरीर आहे का? उत्तर हो आलं तर ती खूण बाद, किंवा तेच शरीर एखाद्या चांगल्या पात्रालाही द्यायचं. सल्लागार एका मुद्द्यापुरता नेमून भागत नाही. वंशाचा विचार झाला म्हणून अपंगत्वाचा आपोआप होत नाही, हे इथे ढळढळीत दिसतं. टकलाचंही तसंच: चेटकिणी टकल्या असतात आणि विग घालतात. केस गळण्याच्या आजारात विग वापरणाऱ्या बायका असतातच. पफिन या प्रकाशनानं कादंबरीच्या सुधारित आवृत्तीत, विग घालण्याची इतरही कारणं असतात आणि त्यात गैर काही नाही, अशा अर्थाचं वाक्य घातलं. त्या बदलांवर वादही झाला. तरी यादीतली खूण सैल करायचा एवढा स्वस्त मार्ग चित्रपटालाही मोकळा होता. आजीच्या तोंडी एक ओळ पुरली असती.

बाकी हॅथवे मजा घेऊन ओरडते, उच्चार कधी कुठल्या देशाचे ते कळत नाही. तोंड कानापर्यंत फाटणं पहिल्यांदा दचकवतं, तिसऱ्यांदा कंटाळवाणं होतं. ह्यूस्टनचा जिम हेन्सनच्या कार्यशाळेतला रबरी चेहरा अजून वरचढ आहे. शेवट मात्र नव्याचा सरस: १९९०मध्ये पोराला पुन्हा माणूस केलं, जे डालला अजिबात रुचलं नव्हतं. इथे तो पुस्तकाप्रमाणे उंदीरच राहतो.

पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन स्पेन्सरचे. लहान मुलांना दाखवणार असाल तर हातमोजे उतरण्याआधी थांबवून सांगा की असे हात खऱ्या माणसांचे असतात आणि त्या माणसांचा चेटकिणींशी काही संबंध नाही. मग पुढे चालू करा.