कासव फोटोत आहे, रिपोर्टात नाही: पाण्यातला डीएनए शोधणाऱ्या किटचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, कंपनीचं नाव लिहीत नाहीये. तक्रारी बऱ्याच आहेत आणि मला भांडण नकोय. शिवाय असे किट विकणाऱ्या लॅब आता पुष्कळ झाल्यात आणि सगळ्यांची पद्धत थोड्याफार फरकाने एकच, त्यामुळे कुठूनही घेतलात तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, कोणीच सायंटिस्ट नाही, गेली काही वर्षं एका तळ्यावर पक्षी मोजतो, कासवं बघतो, वहीत लिहून ठेवतो. मध्यंतरी तळ्याच्या काठाला काहीतरी बांधणार अशी कुणकुण लागली आणि तेव्हा लक्षात आलं की पाण्याच्या वर काय आहे ते आपल्याला पाठ आहे पण पाण्याच्या आत काय आहे त्याचा कागदावर काहीच पुरावा नाही. जाळी टाकायची तर परवानगी हवी, आणि जाळीत अडकून जीव मरतात ते वेगळंच. मग कोणीतरी म्हणालं ते डीएनएवालं किट मागवू, नुसतं पाणी गाळून पाठवायचं आणि ते सांगतात आत कोण कोण राहतं.

ऐकायला जादू वाटते पण तत्त्व साधं आहे. मासा, बेडूक, पाणमांजर, जो कोणी पाण्यात वावरतो तो सतत काहीतरी सोडत असतो, कातडीच्या पेशी, बुळबुळीत स्राव, विष्ठा. त्यातला डीएनए थोडे दिवस पाण्यात टिकतो, ऊन, उष्णता आणि जिवाणू त्याचे तुकडे करत राहतात. लॅब त्यातला एक छोटा तुकडा, आमच्या किटमध्ये साधारण १७० अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतली एकेक कडी), लाखो पटीने वाढवते, वाचते आणि डेटाबेसशी जुळवून बघते. हे काही कालचं खूळ नाही. २००८ मध्ये फ्रान्समधल्या तळ्यांत अमेरिकन बुलफ्रॉग आहे का हे संशोधकांनी नुसत्या पाण्याच्या सॅम्पलवरून ओळखून दाखवलं होतं, आणि इंग्लंडमध्ये तर ग्रेट क्रेस्टेड न्यूट या बेडकाच्या नात्यातल्या, शेपटीवाल्या संरक्षित प्राण्यासाठी २०१४ पासून सरकारी पातळीवर ही टेस्ट चालते.

आता किट. डब्यात प्लास्टिकच्या कुपीत बंद केलेले ०.४५ मायक्रॉन छिद्रांचे फिल्टर, एक मोठी सिरिंज, ग्लोव्हज, नमुना टिकवायचं लिक्विड, लेबलं आणि एक माहितीपत्रक. पॅकिंग झकास, लेबलवरचा नंबर पाण्याने पुसला जात नाही, एवढा विचार कोणीतरी केलाय याचं कौतुक. माहितीपत्रकात लिहिलंय की एका फिल्टरमधून दोन लिटर पाणी ढकला. ढकला म्हणे! स्वच्छ झऱ्याचं पाणी असेल तर जात असेल बुवा, आमच्या तळ्याचं पाणी हिरवट गढूळ, पाचवी सिरिंज भरली तोवर फिल्टरचा रंग चहासारखा झाला आणि सहावीला दट्ट्या जागचा हलेना. दोघांनी मिळून दाबला, अंगठ्याला वळ उठले, आणि जेमतेम ३०० मिली पाणी गेल्यावर फिल्टर पूर्ण जाम. पाणी कमी गेलं म्हणजे पकडलेला डीएनए कमी, म्हणजे जो प्राणी विरळ आहे तो निसटायची शक्यता जास्त, आणि आपण तर नेमके विरळ प्राणीच शोधायला निघालोय. गढूळ पाण्यासाठी मोठ्या छिद्राचा फिल्टर मागवता येतो हे नंतर कळलं, ऑर्डर करताना वेबसाइटने एका शब्दानेही विचारलं नाही की बाबा तुमचं पाणी कसं आहे.

दुसरी गोष्ट ब्लँकची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. ब्लँक म्हणजे बाटलीबंद शुद्ध पाणी तळ्याच्या काठावरच, त्याच हातांनी, तसंच गाळून पाठवायचं. त्यात काही निघालं तर समजायचं की ते तळ्यातलं नाही, आपल्या हातातून, कपड्यातून किंवा डब्यातून आलंय. हा ब्लँक किटमध्ये नव्हता, वेगळा विकत घ्यावा लागतो! कारमध्ये सीटबेल्ट एक्स्ट्रा म्हणून विकल्यासारखं आहे हे. आम्ही घेतला म्हणून वाचलो, कारण रिपोर्टात कुत्रा आला होता आणि ब्लँकमध्येही कुत्रा होता. आमच्यातल्या एकाकडे दोन कुत्री आहेत, त्याच्या जॅकेटवर अर्धं कुत्रं असतं कायम.

रिपोर्ट पंधरा दिवसांत देऊ म्हणाले होते, आला सात आठवड्यांनी. एक छान रंगीत पीडीएफ आणि एक एक्सेल. पीडीएफ सोडून द्या, ती बघून फक्त खूश व्हायचं, खरा माल एक्सेलमध्ये असतो. प्रत्येक ओळीत एक प्राणी आणि त्यापुढे रीड्सचा आकडा, म्हणजे तो तुकडा मशीनने किती वेळा वाचला. आम्ही सगळे रात्री कॉलवर बसून ती शीट एकेक ओळ खाली सरकवत होतो. मासे, मासे, गाय, बेडूक, मासे, टूना. टूना?? समुद्रातला मासा, आणि तळ्यात! हसून हसून पुरेवाट झाली, पण त्यातही अर्थ आहे, कुठलं तरी सांडपाणी तळ्यात येतंय आणि कुणाच्या तरी ताटातला मासा त्यातून आलाय. आणि मग एका ओळीवर सगळे गप्प झाले. पाणमांजर. ब्लँकमध्ये नाही, सहापैकी दोन फिल्टरमध्ये आहे, दोन्ही तळ्याच्या एकाच, वेत वाढलेल्या टोकाकडचे. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही तिथे पाणमांजर बघितलेलं नाही, पाऊलखूण नाही, विष्ठा नाही, काही म्हणजे काही नाही. त्या एका ओळीसाठी पैसे वसूल असं त्या रात्री वाटलं.

मग एकाने विचारलं, कासव कुठेय?

कासव नव्हतंच. संपूर्ण शीट दोनदा शोधली. आणि गंमत म्हणजे सॅम्पल घेतलं त्याच सकाळी, आमच्यापासून वीस फुटांवर, पडलेल्या लाकडावर कासव ऊन खात बसलं होतं, त्याचा फोटो आहे आमच्याकडे, तारीख-वेळेसकट. सिरिंज दाबून दाबून वैतागलेला मी पण त्या फोटोत कोपऱ्यात आहे. म्हणजे जे कोणी पाहिलं नव्हतं ते रिपोर्टात आणि जे सगळ्यांनी पाहिलं ते गायब. फोटो काढणारा तर म्हणाला, मग मी काय दगडाचा फोटो काढला का?

कंपनीला मेल टाकला, आणि इथे त्यांना मार्क देतो, चौथ्या दिवशी लॅबमधल्या एका बाईंनी नीट मोठं उत्तर लिहिलं. कासवाचं अंग कवचाने आणि कडक त्वचेने झाकलेलं, माशाबेडकासारखा बुळबुळीत स्राव नाही, त्यामुळे ते पाण्यात डीएनए फारच कमी सोडतं. वर आम्ही वापरलेली टेस्ट मुळात माशांच्या डीएनएला चिकटेल अशी बनवलेली, बाकीचे प्राणी त्यात सापडले तर सापडले. म्हणजे रिपोर्टात नाही याचा अर्थ तळ्यात नाही असा घ्यायचाच नाही. अहो मग हे पहिल्या पानावर ठळक छापा ना! कारण उद्या कोणी बिल्डर हाच रिपोर्ट नाचवत म्हणेल की बघा, कासव नाहीच, शास्त्रीय पुरावा आहे.

कासवासाठी वेगळी, त्या एकाच जातीला धरणारी टेस्ट असते, ती नंतर मागवली. एकच सॅम्पल १२ वेळा चालवतात, न्यूटच्या टेस्टमध्येही १२ वेळाच चालवतात आणि तिथे एकदा जरी सिग्नल आला तरी पॉझिटिव्ह धरतात. आमचं २ वेळा आलं, १२ पैकी २. तेही या वेळी त्या लाकडाच्या आसपासच वीस जागांवरून थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र केलं तेव्हा. सॅम्पल कुठून घेता यावर निम्मा निकाल ठरतो हे तेव्हा डोक्यात शिरलं.

अजून एक तक्रार. एका माशाचं नाव पक्क्या खात्रीने लिहिलं होतं, हिरवा टिक वगैरे, आणि तो मासा या खंडातच नाही. झालं असं की इथल्या माशाचा डीएनए डेटाबेसमध्ये कोणी टाकलेलाच नाही, मग मशीनने जवळचा भाऊबंद शोधून त्याचं नाव चिकटवलं. त्या छोट्या तुकड्यात जवळच्या जाती कधी कधी अक्षर न् अक्षर सारख्या असतात. आम्ही बोंब मारल्यावर त्यांनी ते बदलून नुसतं कुळीचं नाव केलं. ज्याला मासे ओळखता येत नाहीत त्याने हा रिपोर्ट जसाच्या तसा वापरला तर फजिती पक्की.

आणि रीड्स म्हणजे संख्या नव्हे, हे मी हात जोडून सांगतो. आमच्या ग्रुपमध्येच एकाने लगेच तक्ता बनवला की अमुक मासा इतके टक्के. नाही रे बाबा! काही जातींचा तुकडा जास्त सहज वाढतो, काहींचा नाही, मोठा मासा जास्त सोडतो, मेलेला मासा तर विचारूच नका. स्कॉटलंडमधल्या लॉक नेस तलावाचं आठवतंय का, ज्यात सरपटणारा राक्षस राहतो अशी दंतकथा आहे, तिथे २०१८ मध्ये पाणी गोळा केलं, पुढच्या वर्षी निकाल आला, सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही पण ईल या सापासारख्या लांब माशाचा डीएनए जिकडेतिकडे. लगेच लोकांनी विचारलं म्हणजे राक्षसी ईल आहे का, तर उत्तर हेच की ईल आहे एवढं सांगता येतं, केवढी आहे ते डीएनए सांगत नाही.

पाणमांजर एक आहे का कुटुंब आहे, हेही विचारलं आम्ही. त्यासाठी पाणी चालत नाही, ताजी विष्ठा शोधून त्यातून एकेका प्राण्याचा ठसा काढावा लागतो, ती सर्व्हिस वेगळी आणि विष्ठा शिळी असेल तर तीही फसते.

इथे मला त्यांच्या माहितीपत्रकाचा राग येतो. कव्हरवर काळ्या पायांच्या फेरेटचा (अमेरिकेतला मुंगसासारखा दिसणारा दुर्मिळ प्राणी) फोटो, आणि खाली जेनेटिक्सने प्रजाती वाचवा छाप वाक्य. फेरेटची गोष्ट खरी आहे आणि भारी आहे, १९८८ मध्ये मेलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशी सॅन डिएगोच्या फ्रोझन झू या पेशींच्या बँकेत गोठवून ठेवल्या होत्या, त्यातून १० डिसेंबर २०२० ला क्लोन जन्माला आली, एलिझाबेथ अॅन. बाकीचे सगळे फेरेट फक्त सात पूर्वजांचे वंशज, त्यामुळे विलाचा डीएनए म्हणजे कळपात नवीन रक्त, आणि २०२४ मध्ये विलाच्याच दुसऱ्या क्लोनने, अँटोनियाने, पिल्लंही दिली. किंवा फ्लोरिडाचा पँथर, म्हणजे तिथला प्यूमा घ्या, वीस-तीस उरलेले, आपापसात पैदास होऊन शेपट्या वाकड्या, नरांचे अंडकोष खाली न उतरलेले, १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या आणि नंतर संख्या सावरली. हे सगळं जेनेटिक्सच. पण त्यात पेशी गोठवणं, वंशावळ, वर्षानुवर्षं माणसं रानात, हे सगळं आहे. तुमची सिरिंज त्यातलं काहीही करत नाही, ती फक्त दारावर टकटक करून विचारते घरात कोणी आहे का. ते काम छोटं नाहीये, मग तेच लिहा की कव्हरवर.

आता मुख्य भांडण. रिपोर्ट आला तसा त्यांच्या पोर्टलवरच्या नकाशात आमच्या तळ्याचा पिन पण आला, पाणमांजराच्या चित्रासकट, अख्ख्या जगाला दिसेल असा! डिफॉल्ट सेटिंग पब्लिक. कातडीसाठी मारतात हो या प्राण्याला, आणि तुम्ही शिकाऱ्याला पत्ता देताय? मेल, फोन, परत मेल, चार दिवसांनी पिन निघाला. तेच माणसांच्या डीएनएबद्दल, पाण्यात तो येतोच, २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या समुद्री कासवांवर काम करणाऱ्या टीमने दाखवून दिलं की अशा सॅम्पलमध्ये माणसांचाही चांगल्या दर्जाचा डीएनए मिळतो. आमच्या शीटमधून माणसाची ओळ काढलेली होती, पण कच्च्या फाइल्सचं काय करता हे विचारलं तर त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पाचपैकी तीन स्टार. एक कापला ब्लँकसाठी, एक त्या नकाशासाठी. लॅबमधल्या बाईंना पाच. अमुक जात आहे की नाही असा एक ठरलेला प्रश्न हातात असेल तर जरूर घ्या, नुसतं बघूया काय निघतं म्हणून घेऊ नका, टूना निघेल. गढूळ पाणी असेल तर मोठ्या छिद्राचा फिल्टर मागा, ब्लँक किमान दोन, ज्याच्या घरी कुत्रं आहे त्याला सिरिंज देऊ नका, आणि सॅम्पल कुरियरला द्यायच्या आधी पोर्टलवर लॉगिन करून नकाशा प्रायव्हेट करा, ते बटण प्रोफाइलच्या आत तिसऱ्या पानावर अगदी तळाशी लपवलंय.