घरी बाइकचे नट-बोल्ट आवळायचे तर हातात काय घ्यावं?

महत्त्वाचे नट-बोल्ट घरीच तपासायचे म्हटलं की समोर बरेच पर्याय येतात. साधा पाना आणि हाताचा अंदाज, पाना आणि वजनकाटा, काट्याचा टॉर्क रेंच (टॉर्क म्हणजे बोल्टला बसणारा पीळ, तो मोजणारा पाना), ‘टक’ वाजणारा क्लिक रेंच, डिजिटल रेंच, नाहीतर सरळ मेकॅनिक. यातला कुठला घ्यायचा हे बजेटपेक्षा तुम्ही कुठल्या बोल्टला हात लावणार आहात त्यावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

बोल्ट दोन तऱ्हेचे. काही ढिले झाले तर जिवावर बेततं: दोन्ही चाकांचे एक्सल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा), डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) बोल्ट, हँडलबारचे क्लॅम्प आणि मागच्या ड्रम ब्रेकची ती लोखंडी पट्टी. ही पट्टी ब्रेकच्या प्लेटला स्विंगआर्मशी, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांडीशी, बांधून ठेवते. तिचा नट गळून पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते आणि चाक जाम होऊ शकतं. तिथे स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली दुहेरी तारेची पिन) असेल तर प्रत्येक वेळी नवी टाका, तिची किंमत नगण्य आहे. दुसऱ्या तऱ्हेचे बोल्ट जास्त आवळल्याने बिघडतात: इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट, इंजिनच्या कव्हरचे छोटे बोल्ट. हे अ‍ॅल्युमिनियममध्ये बसतात. एकदा आटे गेले की खर्च बोल्टचा राहत नाही, केसिंगचा होतो.

आपला हात नेमका उलटा चुकतो. लहान बोल्टला जास्त जोर देतो आणि मोठ्या नटला कमी. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये साध्या बोल्टसाठी दिलेले आकडे बघा: 6 मिमीला 10 न्यूटन-मीटर (पीळ मोजायचं एकक), 8 मिमीला 22, 10 मिमीला 34, 12 मिमीला 54. हे मिमी आट्यांच्या व्यासाचे आहेत, पान्याचे नव्हेत. 10 नंबरच्या पान्याचा बोल्ट बहुतेक वेळा 6 मिमीचा असतो. म्हणजे ज्याला 10 न्यूटन-मीटर पुरे आहे, त्यालाच आपण लांब पान्याने सहज दुप्पट पीळ देतो. एक्सलसारख्या खास जागांचे आकडे वेगळे असतात आणि मॉडेलप्रमाणे बदलतात, ते आपल्याच गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचे.

साध्या पान्याला मी मोडीत काढत नाही. लहान बोल्टांसाठी आखूड टी-पाना किंवा आखूड एलन की बोटांच्या जोरावर फिरवली, तर हात आपोआप मर्यादेत राहतो. आणि तपासणीसाठी सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे पेंट मार्कर. नीट आवळलेल्या नटवरून खालच्या भागापर्यंत एक सलग रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पावसाळ्यात खड्ड्यांतून रोज जाणाऱ्याने धुताना या रेघांवर नजर टाकली तर पाना न उचलता अर्धी तपासणी होते. अर्थात नट मुळात बरोबर आवळला होता का, हे रेघ सांगत नाही.

ते सांगायला मोजमाप लागतं आणि त्यासाठी रेंच विकत घ्यावाच लागतो असं नाही. बॅगा तोलायचा हुकाचा काटा पान्याच्या टोकाला अडकवा. नटच्या मध्यापासून हुकापर्यंत 20 सेंटीमीटर अंतर असेल आणि काट्यावर 10 किलोची ओढ दिसली, तर पीळ साधारण 20 न्यूटन-मीटर. 54 हवे असतील तर साडेसत्तावीस किलो. ओढ मात्र पान्याशी काटकोनातच हवी. 30 अंश तिरकी ओढली तर सुमारे 13 टक्के पीळ कमी पडतो. एक्सलसाठी ही युक्ती चांगली चालते. कॅलिपरसारख्या अडचणीच्या जागी पान्याला काटा लावायला जागाच मिळत नाही, तिथे ती सोडून द्या.

काट्याचा रेंच, म्हणजे ज्याची दांडी वाकते आणि सुई पट्टीवर आकडा दाखवते तो, मला फार आवडतो. त्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. पडून सुई शून्यावरून हलली तर पुन्हा वाकवून शून्यावर आणता येते. शिवाय पीळ किती चढतोय हे डोळ्यांना दिसत राहतं, शिकणाऱ्याला याचा मोठा उपयोग. अडचण एवढीच की आकडा समोरून सरळ बघावा लागतो. बाइकच्या खाली, भिंतीकडच्या बाजूला वाकून ते जमत नाही.

म्हणून बहुतेकांचा शेवट क्लिक रेंचवर होतो आणि इथेच चुकीची खरेदी सगळ्यात जास्त होते. दुकानात समोर येतो तो अर्धा इंची ड्राइव्हचा (ड्राइव्ह म्हणजे सॉकेट बसवायचं चौकोनी टोक), 40 ते 210 न्यूटन-मीटरचा. तो गाडीच्या, म्हणजे चारचाकीच्या चाकासाठी आहे. बाइकचे 22 किंवा 34 वाले बोल्ट त्याच्या पट्टीवरच नाहीत. रेंजच्या तळाशी क्लिक इतकी हलकी येते की ती हुकते आणि माणूस ओढत राहतो. एकच घ्यायचा असेल तर तीन-अष्टमांश इंची ड्राइव्हचा, साधारण 20 ते 110 न्यूटन-मीटरचा घ्या. कॅलिपर, हँडलबार आणि बहुतेक बाइकचे एक्सल त्यात बसतात. 6 मिमीचे बोल्ट आखूड पान्यावर सोडा.

घेतल्यावर पट्टी नीट बघा. बऱ्याच रेंचवर न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंड अशा दोन पट्ट्या असतात आणि 1 फूट-पाउंड म्हणजे 1.36 न्यूटन-मीटर. चुकून 22 दुसऱ्या पट्टीवर लावलात तर बोल्टला 30 बसले. एकदा टक झालं की थांबायचं, खात्रीसाठी पुन्हा ओढायचं नाही. या रेंचने नट सोडवायचा नाही, काम झाल्यावर सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवायचं. आटे स्वच्छ पुसलेले असावेत. मॅन्युअलने सांगितलं नसेल तिथे तेल लावू नका. आवळताना लावलेल्या जोरातला जवळपास 90 टक्के भाग घर्षणातच जातो. तेलाने ते घर्षण घटलं की त्याच आकड्यावर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्या. आधीच आवळलेल्या बोल्टवर क्लिक रेंच लावला आणि तो न हलता टक झालं, तर निदान तेवढा पीळ आहे एवढंच कळतं. जास्त आवळलेला बोल्टही तसाच टक देतो. संशय असेल तर बोल्ट सोडवून पुन्हा नव्याने आवळा.

डिजिटल रेंच अचूक असतो, बीप देतो. पण वर्षातून मोजक्या वेळी लागणाऱ्या साधनात बॅटरी सांभाळत बसण्याइतका त्याचा फायदा घरगुती वापरात मला दिसत नाही.

मेकॅनिककडे कधी जायचं? स्टिअरिंगचा वरचा नट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि इंजिन माउंटिंग, ही कामं गाडी नीट उचलून धरता येत नसेल तर घरी करू नका. गॅरेज निवडताना एकच बघा: एक्सल शेवटी एअर गनने ठोकतात की रेंच लावतात. रेंच लावणारा सापडला तर दोन पैसे जास्त द्या, आणि घरी आल्यावर तुमची पांढरी रेघ त्या नटवर ओढून घ्या.

चेन ॲडजस्ट करण्यापुरतंच घरी काम करत असाल तर वजनकाटा आणि मार्कर पुरेत, कारण तेव्हा मागचा एक्सल आणि बहुतेक ड्रमवाल्या गाड्यांत ती ब्रेकची पट्टीच सैल करावी लागते. ब्रेक पॅड स्वतः बदलत असाल तर मात्र तीन-अष्टमांशचा क्लिक रेंच आधी, पॅड नंतर.