छत कापायचं की उघडीच गाडी शोधायची? जुन्या स्पोर्ट्स कारच्या तीन वाटा

जुनी स्पोर्ट्स कुपे, म्हणजे दोन दरवाजांची बंद छताची गाडी घेतली, तिच्यावर जीव जडला आणि एक दिवस मनात आलं, हिचं छत काढलं तर? असं मनात आलेल्या माणसासमोर तीन वाटा असतात. कंपनीनेच उघडी बनवलेली गाडी घ्यायची, त्या काळातल्या एखाद्या नावाजलेल्या वर्कशॉपने कापलेली घ्यायची, किंवा आपली कुपे आज नव्याने कापून घ्यायची. तिन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर लांबून सारख्याच दिसतील. फरक असतो तो दरवाजाच्या खाली, सिल म्हणजे उंबऱ्यासारख्या पोकळ पट्टीच्या पोटात. म्हणून तिसऱ्या वाटेपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

एक काडेपेटी घ्या. आतला ट्रे काढून दोन्ही टोकांना धरा आणि पिळा. तो लगेच वाकडा होतो. तोच ट्रे पुन्हा खोक्यात सरकवा आणि पिळून बघा, बोटं दुखतील पण पेटी हलणार नाही. मोनोकॉक बांधणीच्या, म्हणजे वेगळी चासी नसून बॉडीच सांगाडा असलेल्या कुपेत छत हे त्या खोक्याचं काम करतं. पुढच्या काचेचे खांब, छत आणि मागचे खांब मिळून वरची चौकट होते, तिच्यामुळेच गाडी पीळ सहन करते. छत कापलं की सगळा भार सिल, फ्लोअर आणि दोन सीटांच्या मधून जाणाऱ्या बोगद्यावर येतो, आणि ते भाग तेवढ्यासाठी घडवलेलेच नसतात.

म्हणून चांगल्या कामात कटर सगळ्यात शेवटी हातात येतो. आधी गाडी जिगवर, म्हणजे मापं हलू न देणाऱ्या चौकटीवर पक्की बसवतात, दरवाजांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून मापं धरून ठेवतात. सिलच्या आत जाड पत्र्याची दुसरी पेटी बसते, काचेची चौकट मजबूत होते, सीटच्या मागे एक आडवी भिंत उभी राहते, फ्लोअरखाली आधार जातात. एवढं झाल्यावर छत उतरतं. कापलेल्या छताचं वजन गेलं तरी गाडी बहुतेक वेळा आधीपेक्षा जडच होते, कारण आत भरलेलं लोखंड आणि दुमडत्या कापडी टपाची यंत्रणा त्याहून जास्त भरते. जो कारागीर ‘गाडी हलकी होईल’ म्हणतो, त्याला आत काय काय घालणार आहात हे जरूर विचारा.

तयार गाडी बघायला जाल तेव्हा ही एक गोष्ट कराच. दोन्ही दरवाजे बंद ठेवून, मागच्या कडेची दरवाजाची फट वर आणि खाली किती आहे ते नीट पाहा. मग मालकाची परवानगी घेऊन जॅकच्या ठरलेल्या जागेवरून एका बाजूचं पुढचं चाक जमिनीवरून उचला. फट पुन्हा पाहा. नंतर दरवाजा उघडा आणि हलकेच लावा. वरची फट चिमटली, कुलूप अडकलं किंवा दरवाजा लावायला खांदा द्यावा लागला, तर ताजा रंग आणि देखणा कॅनव्हास कितीही मोह पाडो, खालचं काम कच्चं आहे. त्यानंतर खराब रस्त्यावर एक फेरी मारा आणि आतल्या आरशात बघा. आरसा, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड एकाच लयीत थरथरत असतील तर ती थरथर पुढे काचेच्या रबरात, टपाच्या सांध्यांत आणि शेवटी पत्र्याच्या भेगांत उतरते.

सगळ्याच गाड्या यात सारख्या नाहीत. ज्यांची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, बॉडीपासून वेगळी आहे, त्यांना छत जाण्याचा धक्का कमी बसतो. शेव्हरोले कॉर्व्हेट हे सोपं उदाहरण. उघडी कॉर्व्हेट १९७५ ला थांबली आणि १९८६ ला परत आली. मधल्या वर्षांतल्या, १९८२ पर्यंतच्या बंद गाडीखालीही तीच लोखंडी फ्रेम आहे, त्यामुळे काम अवघड असलं तरी मुळावर घाव घालणारं नाही. याउलट डॅटसन २४०झेड. १९६९ ला आलेली ही मोनोकॉक कुपे उघड्या रूपात कंपनीने कधी विकलीच नाही. मागे मोठा उचलता दरवाजा असल्यामुळे तिथलं तोंड आधीच मोकळं. छत काढलं की मागचा अर्धा भाग जवळपास नव्याने बांधावा लागतो. करता येतं, पण ते छत कापणं उरत नाही, नवी गाडी घडवणं होतं. खर्चाचा अंदाज त्याच हिशेबाने धरा.

एमजीबीचा प्रश्न तर मला पडतच नाही. या ब्रिटिश गाडीची रोडस्टर, म्हणजे उघडी गाडी, १९६२ ला आधी आली, बंद छताची जीटी १९६५ ला नंतर. उघड्या एमजीबी भरपूर आहेत, रोडस्टरचं नवं बॉडीशेल, म्हणजे बॉडीचा नुसता सांगाडासुद्धा मिळतो. तिथे चांगली जीटी कापणं म्हणजे निव्वळ नासाडी.

आता दुसरी वाट, जुन्या काळात कापलेल्या गाड्यांची. फेरारी डेटोना, म्हणजे ३६५ जीटीबी/४, १९६८ ला आली. उघड्या स्पायडर कारखान्यातून जेमतेम सव्वाशेच्या आसपास निघाल्या, आणि मागणी मात्र अफाट. मग कॅलिफोर्नियात रिचर्ड स्ट्रामनसारख्यांनी कुपे कापून स्पायडर बनवल्या. काही इतक्या सफाईदार की नुसत्या नजरेला कळू नये. पण चासी नंबर आणि कागदपत्रं खरं सांगतात आणि बाजार त्यांचंच ऐकतो. असली स्पायडर आणि कापलेली स्पायडर यांच्या किमतीत प्रचंड दरी आहे. चालवायचा आनंद हवा असेल तर ती दरी तुमच्या फायद्याची आहे. गुंतवणूक म्हणून बघत असाल तर लांबच राहा.

जग्वार एक्सजे-एसची गोष्ट मला जास्त आवडते. १९७५ ला ती फक्त कुपे म्हणून आली. १९८३ ला डोक्यावर पक्की चौकट ठेवलेली अर्धी उघडी एक्सजे-एससी आली आणि कंपनीची पूर्ण उघडी गाडी थेट १९८८ ला. मधल्या काळात अमेरिकेत हेस अँड आयझेनहार्ट यांनी कुपे उघड्या करून दिल्या. टप दुमडल्यावर बॉडीत खोल बसावा म्हणून त्यांनी पेट्रोलची टाकीच दोन भागांत केली. मागचं दृश्य त्यामुळे मोकळं राहतं. पण अशी गाडी घेताना त्या टाक्या आणि त्यांच्या नळ्या जाणत्या माणसाकडून तपासल्याशिवाय किल्ली फिरवू नका. इतक्या वर्षांनी तिथलं रबर कडक होतं, आणि हे भाग सर्वसाधारण जग्वारच्या कपाटात सापडत नाहीत.

पहिली वाट सरळ, म्हणून महाग. कंपन्याही नुसतं छत उडवून मोकळ्या होत नव्हत्या. मर्सिडीजने ३००एसएल १९५७ ला रोडस्टर केली तेव्हा कुपेच्या वर उघडणाऱ्या दरवाजांऐवजी नेहमीसारखे दरवाजे बसावेत म्हणून आतली नळ्यांची फ्रेमच बदलली. मस्टँगच्या उघड्या मॉडेललाही खालून जादा पत्रा आहे. टपाची चौकट, रबर, कुलपं यांचे सुटे भाग नेमके मिळतात, आणि पाऊस आल्यावर या गोष्टीची किंमत कळते.

टार्गा हाही पर्याय आहे, म्हणजे डोक्यावरचा तुकडा निघतो आणि डोक्यामागे पक्का पट्टा राहतो. पोर्शेने ९११ ची टार्गा १९६५ ला दाखवली, पूर्ण उघडी कॅब्रिओलेट मात्र १९८२ ला. मधली सगळी वर्षं तो डोक्यामागचा पट्टाच पुरला, आणि अनेकांना आजही पुरेल.

माझी निवड विचाराल तर अशी: कंपनीची उघडी गाडी आवाक्यात असेल तर तीच. नसेल तर जुनी, कागदपत्रं आणि कामाचे फोटो असलेली कापलेली गाडी. तिच्यातले दोष इतक्या वर्षांत वर आलेले असतात, ते दिसतात तरी. नवं काम करायचं तर फक्त अशा कुपेवर, जिचं छत आधीच गंजलंय किंवा आपटून गेलंय. शाबूत, दुर्मीळ कुपेला कटर लावू नका.

आणि तरीही लावलाच, तर कापलेलं छत भंगारात देऊ नका. त्यावर चासी नंबर लिहा, कडांना गंजरोधक लावा आणि कोरड्या जागी उभं करून ठेवा. पुढच्या मालकाला ती गाडी पुन्हा बंद करायची असेल, तर त्याला तेच छत लागेल.