सीओईपी की खासगी विद्यापीठ : दोन्हीकडे शुल्क भरलेल्या पालकाचा अभिप्राय

पुण्यात अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या वेळी अनेक पालकांपुढे शेवटी दोनच पर्याय उरतात. एक म्हणजे शिवाजीनगरचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ (पूर्वीचे सरकारी कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे), जिथे गुणवत्ता यादीत मिळेल ती शाखा घ्यावी लागते. आणि दुसरे म्हणजे शहराच्या कडेला उभे राहिलेले एखादे महागडे खासगी विद्यापीठ, जिथे पैसे मोजण्याची तयारी असेल तर हवी ती शाखा सहसा मिळते. आमच्या घरात पुतण्याने दुसरा पर्याय घेतला आणि 2024 मध्ये मुलीने पहिला, त्यामुळे दोन्हीकडच्या पावत्या माझ्याच कपाटात आहेत. खासगी विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम देत नाही.

त्या विद्यापीठाची व्यवस्था चोख आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. निकाल वेळेवर लागतात, हजेरी आणि वेळापत्रक मोबाइलवर दिसते, प्रवेशाबरोबरच वसतिगृहाची खोली ठरते आणि कार्यालयात फोन केला तर कोणीतरी तो उचलते. याची किंमत वर्षाला चार लाखांहून अधिक असून राहण्याजेवणाचा खर्च वेगळा आहे. मला खटकली ती प्रवेशाची घाई. सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागण्याच्या कितीतरी आधी हे लोक जागा देऊ करतात आणि आठवडाभरात पैसे भरा, नाहीतर जागा गेली, असे सांगतात. मुलीसाठीही आम्ही तेथे आगाऊ रक्कम भरली होती. कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत सीओईपी मिळाल्यावर ती परत मागितली, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षी 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यास पूर्ण शुल्क परत देण्याचे धोरण जाहीर केलेले असूनही, पैसे हाती पडेपर्यंत दिवाळी उलटून गेली.

सीओईपीचे वार्षिक शुल्क याच्या पासंगालाही पुरत नाही. 1854 मध्ये सुरू झालेली आणि थोर अभियंते विश्वेश्वरय्या जिथे शिकले ती ही संस्था 2022 पासून स्वतंत्र राज्य विद्यापीठ आहे, म्हणजे पदवीही आता तिच्याच नावाने मिळते. पण तिथले खरे भांडवल म्हणजे वर्गात शेजारी बसणारी मुले. लातूर, नांदेड, जळगावकडून सीईटीत वरचा क्रमांक घेऊन आलेल्या या मुलांबरोबर चार वर्षे काढणे हे कोणत्याही वातानुकूलित वर्गापेक्षा मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. 1928 पासूनचा बोट क्लब आणि नदीवरची रेगाटा (नौकांचा महोत्सव) यांचा भार मुलेच वाहतात. सराव, वर्गणी, प्रायोजक, भांडणे सगळे त्यांचेच. खासगी विद्यापीठातला महोत्सव मात्र बाहेरच्या कंत्राटदाराने उभारलेला होता. देखणा होता, यात वाद नाही.

शाखेचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. सीओईपीत कॉम्प्युटरसाठी खुल्या प्रवर्गात 99 च्या बरेच पुढचे पर्सेंटाइल लागते, म्हणून मुलीच्या वाट्याला मेटलर्जी (धातुशास्त्र) आली. तिला धातूंची सूक्ष्मरचना पाहण्यात रस वाटू लागला, म्हणून आमचे निभावले. ज्याला प्रोग्रॅमिंगशिवाय दुसरे काही सुचत नाही, अशा मुलाने केवळ नावासाठी नावडती शाखा घेऊन चार वर्षे कुढत बसू नये. पुतण्याचा निर्णय त्याच्यापुरता मला आजही योग्य वाटतो. परंतु कर्ज काढून तेथे जायचे असेल, तर माहितीपत्रकातील सर्वोच्च पॅकेजच्या आकड्याला भुलू नये. त्याच शाखेतील मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, ते लेखी विचारावे. मी विचारले होते. उत्तरादाखल पुन्हा माहितीपत्रकच आले.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. परंतु खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तसेच व्यवस्थापन कोट्यातील (संस्थेने स्वतः भरायच्या जागांवरील) प्रवेश त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे पात्र मुलीसाठी ही तुलना एक लाख विरुद्ध चार लाख अशी राहतच नाही. अशा पालकांनी उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा, कारण कॅपची नोंदणी सुरू झाली की सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.